कन्फेशन झालं, देणं राहिलं: सातवी आणि आठवी आज्ञा रोजच्या व्यवहारात

सात_रस्ता

राखेचा बुधवार तोंडावर आलाय. दर प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) आपल्याकडच्या लघु ख्रिस्ती समूहांत विवेकपरीक्षणाचा कागद फिरतो: कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपुढच्या पापकबुलीला, जाण्याआधी दहा आज्ञांवरून स्वतःला विचारायचे प्रश्न. त्यात सहाव्या आज्ञेला (व्यभिचार करू नको) अर्धं पान आणि सातवीला (चोरी करू नको) एक ओळ: 'मी चोरी केली आहे का?' माणूस मनात 'नाही बुवा' म्हणतो आणि पुढच्या ओळीला लागतो. पाकीटमार त्या सभेला येतच नाही, त्यामुळे प्रश्न वाया जातो.

सोलापूर हे मजुरीवर आणि उधारीवर चालणारं गाव. यंत्रमाग, टॉवेल, गणवेशाचे गारमेंट, विडी, एमआयडीसी, रेल्वे, दुकानं, घरकाम. इथला कॅथलिक कुठे मालक आहे, कुठे मुकादम, कुठे कामगार. तिघांनाही टोचेल असा पाठपोट एक पानाचा कागद करायचाय. चोरीत काय काय येतं, परत किती करायचं, कुणाला, कसं, आणि आठवीत (खोटी साक्ष देऊ नको) व्हॉट्सअ‍ॅपचं काय, हे नेमकं लिहा.

एक विनंती. किस्से नकोत, स्वतःचेही नकोत. आपली वस्ती केवढी! दोन वाक्यांत माणूस ओळखू येतो, आणि आठव्या आज्ञेच्या धाग्यावर आठवीच मोडली जायची.

हिशोबनीस

कागदाच्या डोक्यावर चोरीची व्याख्या घाला: दुसऱ्याची वस्तू त्याच्या रास्त इच्छेविरुद्ध घेणं किंवा ठेवून घेणं. यातलं 'ठेवून घेणं' बहुतेकांच्या लक्षातच नसतं. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या (१९९२) परिच्छेद २४०९ मध्ये यादीच दिली आहे. उसनी वस्तू मुद्दाम न देणं, सापडलेली ठेवून घेणं, धंद्यातली फसवणूक, अन्यायी मजुरी, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवणं, कंपनीची वस्तू खासगी कामाला वापरणं, काम नीट न करणं, कर चुकवणं, खोटी बिलं आणि चेक, शेवटी उधळपट्टीसुद्धा.

हेच आपल्या बोलीत लिहा. मालकाला विचारा: पगारातून पीएफ कापला, तो भरला का? वह्या किती ठेवता, एक का दोन? मुकादमाला: मोजणीत मीटर खाल्ले का? न आलेल्याची हजेरी लावली का? कामगाराला: सुताचे कोन, धाग्याची रिळं पिशवीतून घरी गेली का? पाळीत झोपून पूर्ण पाळीची सही केली का?

विडीचं वेगळं लिहा, कारण त्यात चोरी 'छाट' या शब्दामागे लपते. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी द्यायची नाही आणि माल मात्र ठेवून घ्यायचा. शिवाय पान कमी वजनाचं द्यायचं आणि हजार विड्यांचा हिशेब पूर्ण मागायचा, म्हणजे बाईनं पदरचं पान विकत आणायचं. छाटीची विडी खरंच टाकाऊ असेल तर तिच्यासमोर मोडा. मोडत नसाल, तर ती विकली जाणार आहे, आणि विकल्या जाणाऱ्या मालाची मजुरी लागते.

रेल्वे_लाईन्स

एक शंका. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातला, म्हणजे प्रॉटेस्टंट. आमच्याकडे 'चोरी करू नको' ही आठवी आज्ञा आणि 'खोटी साक्ष देऊ नको' नववी. तुम्ही सातवी-आठवी म्हणताय. सोलापुरात दोन्ही मंडळींची लग्नं एकमेकांत होतात, कागद घराघरांत जाणार, गोंधळ नको.

धर्मशिक्षिका

बरोबर हेरलंत. मजकूर तोच आहे, मोजणी वेगळी. तुमच्याकडे मूर्तीविषयीचं वचन स्वतंत्र दुसरी आज्ञा धरतात. कॅथलिक परंपरा संत ऑगस्टीनच्या क्रमाने जाते: ते वचन पहिलीतच येतं आणि शेवटच्या लोभाच्या दोन होतात, नववी शेजाऱ्याच्या पत्नीची, दहावी त्याच्या मालमत्तेची. त्यामुळे मधल्या सगळ्या एकेक अंकाने सरकतात. कागदावर अंकासोबत आज्ञेचे शब्दही छापा, म्हणजे प्रश्न मिटला.

तसंच टोबित किंवा सिराखचं वचन घातलंत तर लक्षात ठेवा, प्रॉटेस्टंट घरातल्या बायबलमध्ये ही पुस्तकं सहसा नसतात. मजुरीवर सिराखच्या ३४व्या अध्यायात फार कडक वचन आहे: मजुराची मजुरी बुडवणारा रक्त सांडतो. पण तोच अर्थ बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात २४:१४-१५ ला आणि याकोबाच्या पत्रात ५:४ ला सगळ्यांना सापडेल.

हिशोबनीस

मजुरीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ही बाब पापात मोजतच नाहीत, 'धंदा' म्हणतात. धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद १८६७ बघा. स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पापांत भावाने मारलेल्या हाबेलच्या रक्ताच्या पंक्तीला मजुरावरचा अन्याय बसवलाय. अनुवादातली मुदत तर सूर्य मावळायच्या आत.

आजचं माप: महिन्याच्या पगाराला कायद्याची मुदत पुढच्या महिन्याची ७ तारीख, आठवड्याच्या मजुरीला साप्ताहिक सुट्टीच्या आधीचा कामाचा दिवस, रोजंदारीला त्याच दिवशी पाळी संपताना. 'पार्टीकडून पेमेंट आलं नाही' हे कारण मालकाच्या आणि पार्टीच्या मधलं. कामगार तुमच्या धंद्यात भागीदार नव्हता, नफ्यात वाटा मिळाला नाही, मग तोट्यात का?

उशीर झाला आणि नंतर पगार दिला, म्हणजे फिटलं असंही नाही. समजा पगार १०,००० रुपये, दोन महिने थकला. त्या काळात कामगाराने शेकडा ५ महिना दराने सावकाराकडून तेवढेच उचलले. व्याज महिन्याला ५००, दोन महिन्यांचे १,०००. मालक देणं लागतो ११,०००. ग्रंथाच्या २४१२ मध्ये हेच आहे: वस्तू किंवा तिची किंमत तर परत करायचीच, शिवाय ज्याची ती वस्तू त्याला तिच्यातून जो रास्त लाभ झाला असता तोही.

पीएफचा हिशेब याच पगारावर: कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,२००, मालकाचे तेवढेच. ईएसआय (कामगार विमा) कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ३२५. एकूण महिन्याला २,८००. कापलेले १,२०० रोख हातात देऊन हे मिटत नाही. खात्यात पैसे नसले की पेन्शनची वर्षं मोजली जात नाहीत, आणि ईएसआय भरला नसला तर दवाखान्यात ऐनवेळी कार्ड चालत नाही. भरणा खात्यातच व्हायला हवा, मागच्या तारखांच्या व्याजासकट. पुढे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत.

आणि 'त्यानेच या पगारावर होकार दिला' हे उत्तर पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ च्या परिपत्रकातच कापून टाकलंय. गरजेपोटी दिलेला होकार मजुरीला न्याय्य करत नाही. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४३४ मध्ये तेच पुन्हा आहे.

विजापूर_वेस

उचलीचं राहिलं. आगाऊ रक्कम देण्यात पाप नाही. ती फिटू नये म्हणून हप्ता असा कापायचा की माणूस दुसरीकडे जाऊच शकत नाही, ते बांधून ठेवणं आहे. कपातीला कायद्याची कमाल एकूण पगाराच्या निम्मी, पण निम्म्या पगारात घर चालत नाही, म्हणून पुन्हा उचल. हप्ता दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा, आणि उचलीची चिठ्ठी दोन प्रतींत. एक कामगाराकडे.

उलटी बाजूही कागदावर हवी. दोन मालकांकडून उचल घेऊन तिसऱ्याच्या मागावर उभं राहणं, हेही सातवीतच येतं.

धर्मशिक्षिका

आता धाग्याच्या शीर्षकावर येते. कन्फेशनमध्ये क्षमा मिळते, देणं माफ होत नाही. देवाने क्षमा केली म्हणून शेजाऱ्याचे पैसे तुमचे होत नाहीत. पायऱ्या अशा: विवेकपरीक्षण, खरा पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, पापं सांगणं, आणि धर्मगुरूंनी दिलेलं प्रायश्चित्त. परतफेडीची तयारी तिसऱ्या पायरीतच असते. ती नसेल तर निश्चय पोकळ, आणि मग पापमुक्तीच अडते. पैसे आधीच परत केलेले असले पाहिजेत असं नाही. इरादा पक्का आणि मार्ग ठरलेला हवा.

किती सांगायचं? गंभीर पाप असेल तर प्रकार आणि साधारण संख्या. 'मी पैशाच्या बाबतीत चुकलो' यातून काहीच कळत नाही. 'तीन कामगारांचा पीएफ सात महिने कापून भरला नाही' हे पुरेसं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, भागीदाराचं तर मुळीच नाही, आपलं तेवढं सांगायचं. गंभीर कधी म्हणायचं? तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब मोठी, पूर्ण जाणीव, आणि स्वेच्छेने दिलेली संमती. चोरीत 'मोठी' ही रक्कम कुणाची त्यावरही ठरते. २०० रुपये कारखान्याला काहीच नाहीत, विडीवालीला तिचा त्या दिवसाचा स्वयंपाक.

परत कुणाला? ज्याचे त्याला. तो वारला असेल तर वारसांना. तो सापडतच नसेल, खरंच शोधून, तर गरिबांना. इथे एक चूक नेहमी होते: माणूस ओळखीचा असतो, पत्ताही माहीत असतो, पण तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून ती रक्कम सणाच्या देणगीत घालतात. तसं चालत नाही, चर्च त्या पैशांची धनी नव्हती. लाज वाटते तर नाव न सांगता परत करा, ते पूर्ण मान्य आहे. बंद पाकीट, किंवा धर्मगुरूंच्या हस्ते.

धर्मगुरूंच्या हस्ते करायचं असेल तर एक बारकावा. कन्फेशनची गोपनीयता इतकी कडक आहे (धर्मविधी संहिता, कलम ९८३) की तिथे ऐकलेली गोष्ट ते बाहेर तुमच्याकडेसुद्धा आपणहून काढू शकत नाहीत. म्हणून कन्फेशन संपल्यावर बाहेर भेटून तुम्हीच नव्याने सांगायचं: 'हे पाकीट अमुक घरी पोचवा.' नाहीतर ते गप्प राहणार, तुम्ही वाट बघणार, आणि पाकीट तिथंच.

ऐपतच नसेल तर देणं रद्द होत नाही, पुढे जातं. महिन्याला ३०० जमत असतील तर ३००, पण तारीख लावून.

रेल्वे_लाईन्स

बायबलमधल्या जकातदार जक्कयाने तर लुबाडलेल्याच्या चौपट परत दिलं (लूक १९:८).

धर्मशिक्षिका

ते त्याने आपणहून केलं. गणना ५:७ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा आहे, निर्गम २२:१ मध्ये मेंढराला चार मेंढरं. चर्चचा नियम झालेल्या नुकसानाइतका. चौपट देणाऱ्याला कुणी अडवत नाही!

पार्क_चौक

दुकानदारांच्या बाबतीत 'ज्याचे त्याला' कसं जमणार? किलोला ५० ग्रॅम कमी, दिवसाला ४० गिऱ्हाइकं, म्हणजे रोज २ किलो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६०० किलो. कुणाला किती गेलं कसं सांगणार?

हिशोबनीस

यावर जुन्या नीतिशास्त्रात तयार उत्तर आहे. माणूस ठरवता येत नाही पण गिऱ्हाईक तेच तेच येतं, तेव्हा परतफेड त्याच गल्ल्यावरून करायची. वजन तेवढंच झुकतं द्या किंवा त्याच मालाचा दर उतरवा. किलोला ५० ग्रॅम जास्त दिले तर ६०० किलो फिटायला साधारण तेवढाच काळ लागेल. जी गिऱ्हाइकं गाव सोडून गेली त्यांच्या वाट्याचं धान्य गरिबांना. आणि आधी काटा दुरुस्त. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून वर्षाला फेरतपासणी लागते, शिक्क्याची तारीख बघा. काटा नेहमी मुद्दाम बिघडवलेला असतो असं नाही. पातळी नीट नसणं, पंख्याचा वारा, पिशवीचं वजन शून्य न करणं, यातूनही तूट येते. कळल्यावर तसंच चालू ठेवलं की ते पाप. लेवीय १९:३५-३६ मध्ये काट्याचा उल्लेख उगाच नाही.

सोलापूरचंच दुसरं: बाहेरून आलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकणं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे नाव ही गावच्या विणकरांची सामाईक मालमत्ता झाली. दोन जणांची फसवणूक होते, गिऱ्हाइकाची आणि विणकराची.

कडक_भाकरी

सगळे कारखाने-दुकानंच काढताय. घरोघरच्या चोरीचं काय? नळाला मोटर.

पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, तेही ठरलेल्या वेळी. नळाच्या लाइनला थेट मोटर लावली की काय होतं ते समजून घ्या. जलवाहिनीत दाब आधीच कमी, मोटर ओढायला लागली की पुढच्या घरांकडचा दाब शून्यावर आणि कधी शून्याच्याही खाली जातो. शेवटच्या घराला हवा येते. जिथे पाइपला भेग आहे तिथे आतून ओढ बसल्याने शेजारच्या गटारीचं पाणी आत शिरतं. मग गढूळ पाणी, जुलाब, आणि 'महापालिकाच नालायक' हे वाक्य. उजनीचं पाणी सगळ्यांसाठी येतं. पृथ्वीवरची संपत्ती सर्वांसाठी आहे, हे सातव्या आज्ञेचं पहिलंच तत्त्व.

उपाय स्वस्त नाही पण साधा: नळाच्या पातळीखाली हौद, त्यात फ्लोट व्हॉल्व्ह, पाणी आपल्या दाबाने पडेल तेवढं पडू द्यायचं, आणि मोटर हौदातून गच्चीच्या टाकीला. मोटर मुख्य लाइनला कधीच नाही.

पार्क_चौक

कडक_भाकरी, सिद्धांत छान आहे. गल्लीतल्या सगळ्यांनी लावली आणि आपण लावली नाही तर घरात पिण्याचा थेंब येत नाही. मग काय, सद्गुण म्हणून मुलांना तहानलेलं ठेवायचं?

धर्मशिक्षिका

प्रश्न खरा आहे, झटकू नये. धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४०८ मध्ये अत्यंत निकडीची सूट आहे: जिवाला लागणारी गोष्ट दुसऱ्या मार्गाने मिळतच नसेल तर ती घेणं चोरी नाही. पण सूट निकडीएवढीच. पिण्या-स्वयंपाकाचे दोन हंडे भरणं आणि गाडी धुवायला दोन टाक्या भरणं यांना एका तागडीत घालू नका. आणि निकड आहे म्हणून गल्लीच्या सभेत विषय काढायची जबाबदारी संपत नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी मोटर काढायची ठरवली तरच ते टिकतं, एकट्याने काढली तर फक्त त्याचंच घर कोरडं.

विजापूर_वेस

+१. शेवटच्या घराला पाणी येतं का, हे पाहायला पाणी सुटायच्या दिवशी तिथे जाऊन उभं राहावं. सभेतल्या चर्चेपेक्षा त्याने जास्त कळतं.

सात_रस्ता

लाच? कागदावर हा प्रश्न घातला की निम्मी सभा हसते.

हिशोबनीस

दोन प्रकार वेगळे करा, नाहीतर चर्चा गोलगोल फिरते.

एक, जे आपलं नाही ते मिळवायला दिलेले पैसे. चाचणी न देता लायसन्स, दुसऱ्याचा नंबर मारणं, खोटा दाखला. इथे देणारा पूर्ण दोषी, आणि ज्याचा नंबर गेला त्याचं नुकसान भरणंही देणाऱ्याकडे.

दोन, जे आपलंच आहे ते अडवून ठेवून मागितलेले पैसे. नीतिशास्त्र इथे मागणाऱ्याला चोर म्हणतं आणि देणाऱ्याला लुटलेला. संत अल्फोन्स लिगोरी (१६९६-१७८७) यांच्या परंपरेत याला दुसऱ्याच्या पापातलं 'भौतिक' सहकार्य म्हणतात: मनाने सामील नाही, हाताने अडकलेला. मोठं कारण असेल तर सोसता येतं, पण कारण मोठंच हवं. कंटाळा आला हे कारण धरत नाहीत.

कायदा मात्र आणखी पुढे गेलाय. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं तरच संरक्षण. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४.

कडक_भाकरी

मी याला इतकं सोपं सोडणार नाही. 'लुटलेला' म्हणवणाऱ्याने आधी काय केलं ते विचारा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, अर्ज 'आपले सरकार'वर करता येतो, पोच मिळते, मुदत उलटली की अपील, पुन्हा अपील, मग आयोग. शंभरातले किती जण पोचपावती मागतात? पहिल्याच खेपेला एजंटाच्या हातात पाकीट देणारा लुटलेला नसतो, त्याने वेळ विकत घेतलेला असतो.

हिशोबनीस

मान्य. कागदावर असं लिहू: 'पोच घेतली का? अपील केलं का? त्यानंतर दिले का?'

रेल्वे_लाईन्स

दाखल्यांचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात अवघड प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांनाही. ख्रिस्ती झाला की गेला. त्यामुळे कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, हे आपल्या दोन्ही मंडळ्यांत आहे. हे खोटी साक्ष धरायचं का?

धर्मशिक्षिका

आदेशच अन्यायी आहे, हे भारतातल्या कॅथलिक बिशपांनी वारंवार म्हटलंय आणि १० ऑगस्ट काळा दिवस म्हणून पाळला जातो. पण अन्यायी नियमाखाली केलेलं खोटं विधान खरं होत नाही. दुसरीकडे, दोष सगळा त्या कुटुंबावर टाकणं हाही उतावळा निवाडा आहे. नाव शाळेच्या दाखल्यावर आजोबांच्या काळात लागलेलं, नातवाला कळतं तेव्हा तो नोकरीत असतो. विचारायच्या गोष्टी दोन: बाप्तिस्मा कधी नाकारावा लागला का, आणि आता नव्याने कोणत्या कागदावर सही करतोय. मागच्याचं उत्तर धर्मगुरूंशी एकांतात, सभेत नाही. २६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी केलेला धर्मबदल फसवणूक ठरवलाय, त्यामुळे आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

कडक_भाकरी

अर्धवट उत्तर आहे हे. ज्यांच्या पोटावर आलंय त्यांना एकांतात बोलायला सांगायचं आणि जे आतल्या जातीपातीवरून कबरस्तानातसुद्धा अंतर ठेवतात त्यांना सभेत पहिली खुर्ची.

धर्मशिक्षिका

तो प्रश्नही कागदावर येऊ द्या, आणि तो वरच्या बाजूला.

विजापूर_वेस

आठवीवर लिहितो. ग्रंथाच्या २४७७ मध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सगळ्यांना 'निंदा' म्हणतो. पुरावा नसताना मनातल्या मनात दोषी धरणं हा उतावळा निवाडा. असलेला दोष रास्त कारण नसताना ज्याला माहीत नाही त्याला सांगणं ही परनिंदा. आणि नसलेला दोष लावणं ही खोटी बदनामी. आपल्याकडे समज पक्का आहे की 'खरंच तर बोललो, त्यात काय पाप'. दुसऱ्या प्रकारात बोललेलं खरंच असतं.

भरपाई तिन्हींची वेगळी. खोटी बदनामी असेल तर ज्या ग्रुपवर टाकली त्याच ग्रुपवर, आपल्या नावाने, 'मी टाकलेलं खोटं होतं' असं स्पष्ट. मेसेज डिलीट करणं पुरत नाही, तो तोवर चार ग्रुपांत गेलेला असतो. फॉरवर्ड कुठे कुठे केला ते आठवून तिथेही. परनिंदेत मात्र 'ते खोटं होतं' म्हणता येत नाही, कारण ते दुसरं खोटं होईल. तिथे विषय बंद करायचा, त्या माणसाचं खरं चांगलं आहे ते त्याच लोकांसमोर बोलायचं, आणि नोकरी किंवा सोयरीक मोडली असेल तर ते नुकसान भरायचं.

स्थळाची चौकशी हा अपवाद नीट समजवा. मुलीचे वडील विचारतात, 'मुलगा कसा?' त्याचं दारू पिणं, मोठं कर्ज, आधीचं लग्न हे लपवणं चूक, कारण त्यांना जाणून घ्यायचा हक्क आहे. पण जे विचारलं आणि जे लग्नाला लागू, तेवढंच. त्याच्या बहिणीचं काय झालं होतं, हे नाही. आणि खात्रीचं तेवढं खात्रीने, ऐकीव ते ऐकीव म्हणून.

ज्याला हक्क नाही त्याला सगळं सांगायला कुणी बांधलेलं नाही (२४८९). गप्प राहा, विषय बदला. पण दारात वसुलीवाला आला की पोराला 'पप्पा घरी नाहीत म्हण' सांगणं, यात पोराला खोटं बोलायचा पहिला धडा घरातच मिळतो.

पार्क_चौक

अवांतर: गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत शेजारी प्रसाद देतात. आणि गणपती मंडळाची वर्गणी. कागदावर घेणार का?

धर्मशिक्षिका

पहिल्या आज्ञेत (एकाच देवाची भक्ती) जाईल, थोडक्यात. बायबलमधलं संत पौलाचं पत्र, १ करिंथ ८ आणि १० वाचा. अन्न म्हणून ते अन्नच. शेजारधर्माने दिलेलं घेतलं तर हरकत नाही, पण बरोबरच्या एखाद्या कच्च्या श्रद्धेच्या माणसाचा गोंधळ होत असेल तर पौल त्याच्यासाठी थांबायला सांगतो. पूजेत भाग घेणं वेगळं. वर्गणी रक्तदान, अन्नदान, पाणपोई यासाठी द्या आणि पावती घ्या. शेजाऱ्याच्या तोंडावर प्रसाद नाकारून आपण कुठली आज्ञा पाळली, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

रेल्वे_लाईन्स

पाळीवाल्यांना रविवारच्या उपासनेला येता येत नाही, त्यांचं काय?

धर्मशिक्षिका

शनिवारी संध्याकाळची मिस्सा (उपासना) रविवारची धरते (धर्मविधी संहिता, कलम १२४८). पाळी, आजारी माणूस, तान्हं मूल ही खरी कारणं आहेत, तिथे पाप नाही. नेहमीचीच अडचण असेल तर धर्मगुरूंशी बोलून सूट घ्यावी. मालकांसाठी ग्रंथाचा परिच्छेद २१८७: दुसऱ्याचा रविवार मोडेल अशी मागणी विनाकारण करू नका. कॅथलिक मालक स्वतः मिस्साला आणि कामगार ओव्हरटाइमला, हे उलटं झालं.

हिशोबनीस

कागद वाचून लोक घरी जातील आणि विसरतील. रोजची पद्धत खाली छापा. संत इग्नेशियस (१४९१-१५५६) यांची, रात्री १० ते १५ मिनिटं: आभार, प्रकाश मागणं, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमा, उद्याची एक गोष्ट. यातली शेवटची बहुतेक जण 'मी चांगला वागेन' अशी करतात, आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विरते. 'उद्या सकाळी १० ला अमुकचे ४०० द्यायचे' असं हवं.

एकच खोड धरायची असेल तर त्यांचीच दुसरी पद्धत: वहीत दर दिवसाच्या दोन रेघा, पहिली दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी रात्रीची, चूक झाली की ठिपका. आठवड्याने रेघा ताडून बघायच्या, ठिपके घटले की वाढले. एका वेळी एकच खोड, नाहीतर वही ठिपक्यांनी भरते आणि माणूस वही फेकतो.

सात_रस्ता

छान. मसुदा असा धरतोय: समोरच्या बाजूला मालक, मुकादम, कामगार, दुकान, घर अशा पाच भागांत सातवी, प्रत्येकी चार प्रश्न. मागे आठवी, परतफेडीच्या पायऱ्या, रात्रीची पद्धत. घरकामाच्या मावशींचे प्रश्न 'घर' मध्ये घातलेत: आपण गावाला गेलो तर त्यांचा खाडा धरला का, महिन्यात पगारी सुट्ट्या किती, आजारपणात पैसे कापले का.

कडक_भाकरी

मुकादमाच्या भागात एक घाल: मालकाने सांगितलं म्हणून खोटं लिहिलंस का? सांगणाऱ्यावर पहिली जबाबदारी, पण लिहिणाराही आपल्या वाट्यापुरता देणं लागतो, २४१२ मध्येच आहे. 'मी तर नोकर' म्हणून सुटका नाही.

सात_रस्ता

घातलं. आता तेलुगू प्रत कोण बघतंय? मागच्या वेळी 'उचल' आणि 'कर्ज' दोन्हींना एकच शब्द पडला होता आणि अर्धा भाग उलटा वाचला गेला. विडीच्या छाटीलाही तेलुगू बोलणाऱ्या बायका जो शब्द वापरतात तोच हवा. पुस्तकातला नको. शुक्रवारपर्यंत कळवा, शनिवारी झेरॉक्सला टाकायचंय.